धडक आणि लंबक

बेसा येथील एका घराच्या अंगणांत कडुनिंबाच्या फांदीला जुन्या पायमोजांत घालून टांगलेला क्रिकेटचा चेंडू आम्ही गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत पाहिला. घरांतील मुलगा बॅटनें त्याला टोला मारी; चेंडू वर जाई, परत येई आणि पुन्हां टोला खाई. ही सरावाची जुनी युक्ति आहे. तींत पैसा लागत नाहीं आणि चेंडू शेजाऱ्याच्या खिडकीवरहि जात नाहीं. मुलाचें सारें लक्ष टोल्याकडे होतें. आमचें मात्र चेंडू किती उंच चढतो याकडे लागलें. बॅट आणि चेंडू यांची गांठ पापणी लवण्याच्या आंत पडते आणि सुटते. ती कोणाच्याहि डोळ्यांना नीट दिसत नाहीं. परंतु तिच्यानंतर चेंडू जी उंची गांठतो, ती कोणालाहि पट्टीनें मोजतां येते. क्षणांत घडून नाहींशा होणाऱ्या गोष्टीची साक्ष हा टांगलेला चेंडू सावकाश देत असतो. ही साक्ष कशी वाचावी तें आज आपण पाहूं. आणि आपल्या गांवाजवळून धांवणाऱ्या रस्त्यांविषयीं ती काय सांगते, हेंहि शेवटीं पाहूं.

दोरीला टांगलेल्या व मोकळेपणीं झुलणाऱ्या वजनास लंबक म्हणतात. भिंतीवरच्या जुन्या घड्याळांतील दांडी आणि नागपंचमीचा झोका हीं लंबकाचींच रूपें होत. इटलींतील पिसा शहराच्या कॅथेड्रलमध्यें टांगलेला दिवा झुलतांना पाहून तरुण गॅलिलिओनें स्वतःच्या नाडीच्या ठोक्यांवर त्याचे झोके मोजले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांतला नियम खरा आहे: झोके फार मोठे नसतील तर लहान झोक्याला व मोठ्या झोक्याला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. तो वेळ दोरीच्या लांबीवर अवलंबून असतो. वजन जड कीं हलकें याचा त्याच्याशीं संबंध नाहीं. वाचकांनीं हें घरीं करून पाहावें. बारीक दोऱ्याला एक लहानसा दगड बांधून, टांगल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर लांबी ठेवावी आणि जाऊन परत येण्याचे वीस झोके मोजावे. नागपुरांत त्यांना ४० सेकंदांहून किंचित् अधिक वेळ लागतो. दगडाच्या जागीं लोखंडी नट बांधला तरी फरक पडत नाहीं; दोरा पाव मीटर केला तर मात्र वेळ निम्मा होतो.

गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत आणखी एक प्रयोग सांगितला आहे. भिंतीलगत एक लंबक टांगावा आणि दोरीच्या वाटेंत मध्येंच एक खिळा ठोकावा. गोळी एका बाजूनें सोडली म्हणजे ती तळाशीं येते. तेथें दोरी खिळ्याला अडते व वाकते, आणि गोळी लहान वर्तुळांत वर चढूं लागते. वाट बदलली, तरी ती ज्या उंचीवरून सुटली त्याच उंचीपर्यंत चढते. यावरून असें दिसतें कीं, तळाशीं गोळीला जो वेग येतो तो केवळ ती किती उंचीवरून उतरली यावर ठरतो, आणि तोच वेग तिला पुन्हां तेवढ्याच उंचीवर नेतो. नोट मोडून सुटे पैसे घ्यावे आणि सुटे देऊन पुन्हां तीच नोट घ्यावी, तसा हा व्यवहार आहे. उंची मोडून वेग मिळतो व वेग मोडून उंची मिळते.

या व्यवहाराचा भावहि ठरलेला आहे. दर सेकंदास किती मीटर, अशा रीतीनें वेग मांडावा. त्याचा वर्ग करावा आणि त्यास १९·६ नें भागावें. जी संख्या येईल ती मीटरमधील उंची होय. गुरुत्वत्वरण ९·८ आहे, त्याची दुप्पट म्हणजे हे १९·६. येथें वेगाचा वर्ग करावा लागतो, हें वाचकांनीं गांठीशीं बांधून ठेवावें. वेग दुप्पट झाला तर उंची दुप्पट होत नाहीं, चौपट होते. वेग तिप्पट झाला तर उंची नऊपट होते.

आतां धडकेकडे वळूं. दोन वस्तु एकमेकींवर आदळल्या असतां कोणाचा वेग किती राहील, हा प्रश्न सतराव्या शतकांत मोठमोठ्या विद्वानांना पडला होता. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त यानें १६४४ सालीं जे नियम मांडले, त्यांतील एक असा होता कीं, लहान वस्तु कितीहि वेगानें आली तरी स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला ती हलवूं शकत नाहीं. उलट स्वतःच मागें फिरते. हा नियम चुकीचा होता. पुढें १६६८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें या विषयाचा निकाल लावण्याचें मनावर घेतलें, तेव्हां वॉलिस, रेन आणि हॉलंडचा हायगेन्स या तिघांनीं आपापले नियम पाठविले. त्यांपैकीं रेन यानें सोसायटीपुढें लंबकांवर प्रयोग करून दाखविले. फ्रान्सांत मारियॉट यानेंहि तीच रीत धरली. न्यूटननें १६८७ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत दहा फूट लांबीचे लंबक घेऊन केलेल्या अशाच प्रयोगांचें वर्णन दिलें आहे.

धडकेसाठीं या सर्वांनीं लंबकच कां घेतला? याचीं दोन कारणें आहेत. समान लांबीच्या दोन दोऱ्यांना दोन गोळे शेजारीं शेजारीं टांगले आणि ते दोन बाजूंनीं एकाच वेळीं सोडले, तर एक थोडा ओढलेला आणि दुसरा जास्त ओढलेला असला तरी दोघेहि तळाशीं एकदमच येतात. कारण लहान-मोठ्या झोक्यांना वेळ सारखाच लागतो. म्हणजे धडक कोठें होणार हें आधींच ठरलेलें असतें. दुसरें कारण असें कीं, किती उंचीवरून सोडलें यावरून धडकेपूर्वींचा वेग कळतो व किती उंच चढला यावरून धडकेनंतरचा वेग कळतो. त्यांतहि एक सोय आहे. गोळा जेथून सुटला त्या जागेपासून तळापर्यंतचें जें सरळ अंतर, ज्यास भूमितींत जीवा म्हणतात, तें तळाशीं येणाऱ्या वेगाच्या अगदीं प्रमाणांत असतें. तेव्हां जीवा मोजली कीं वेगच मोजल्यासारखा होतो.

न्यूटनला असें आढळलें कीं, प्रत्येक पदार्थाचे गोळे आदळून दूर होतांना एका ठराविक प्रमाणांत वेग परत देतात. घट्ट बांधलेले लोंकरीचे गोळे ज्या वेगानें एकमेकांजवळ आले, त्याच्या सुमारें पांच-नवमांश वेगानें दूर झाले. कांचेच्या गोळ्यांत हें प्रमाण पंधरा-सोळांश आढळलें. हीं प्रमाणें घेऊन आपण हिशोब करूं. लोंकरीचे दोन सारखे गोळे आहेत. एक स्थिर आहे आणि दुसरा ३६ सेंटीमीटर जीवेवरून सोडला. धडकेनंतर स्थिर गोळा २८ सेंटीमीटर जाईल आणि सोडलेला गोळा त्याच्यामागून ८ सेंटीमीटर जाईल. अंतराचा फरक २०, म्हणजे ३६ चे पांच-नवमांश. आणि बेरीज पुन्हां ३६. कांचेचा गोळा ३२ सेंटीमीटरवरून सोडला तर दुसरा ३१ जाईल व पहिला १. बेरीज पुन्हां ३२. ओल्या मातीचे गोळे घेतले तर ते एकमेकांस चिकटतील आणि ३६ सेंटीमीटरच्या जागीं दोघेहि १८ सेंटीमीटर जातील. बेरीज तरीहि ३६. पदार्थ कोणताहि असो, ही बेरीज बदलत नाहीं.

आतां त्याच अंकांचे वर्ग घेऊन बेरीज करा. लोंकरीच्या गोळ्यांत आरंभीं ३६ चा वर्ग १२९६ होता. नंतर २८ चा वर्ग ७८४ आणि ८ चा वर्ग ६४ मिळून ८४८ च उरले. कांचेंत १०२४ चे ९६२ राहिले. मातींत १२९६ चे बरोबर निम्मे, ६४८, झाले. म्हणजे साधी बेरीज कायम राहिली, पण वर्गांची बेरीज प्रत्येक वेळीं कमीजास्त घटली.

दुकानदाराच्या दोन वह्या असाव्या, तशा निसर्गाच्या येथें दोन वह्या आहेत. पहिल्या वहींत वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार लिहिला जातो. त्यास संवेग म्हणतात. बाहेरचें बळ मध्यें पडलें नाहीं तर धडकेपूर्वींचा व नंतरचा एकूण संवेग सारखाच असतो. दुसऱ्या वहींत वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचें अर्धें लिहिलें जातें. ती गतिज ऊर्जा. धडकेंत ही वही सहसा जुळत नाहीं. ऊर्जा नष्ट होते असें मात्र नव्हे. तिचा कांहीं भाग उष्णता होतो, कांहीं आवाज होतो, कांहीं पदार्थ चेपण्यांत व फाटण्यांत खर्ची पडतो. गतीच्या खात्यांतून तो गेला एवढेंच. या दोन वह्या एकीमेकींत मिसळूं न देणें, हें या पाठांतील मुख्य शिक्षण होय.

त्या न मिसळण्यांतूनच एक मोठा शोध लागला. बेंजामिन रॉबिन्स नांवाच्या इंग्रज गणितज्ञानें बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याचें उत्तम साधन प्रथम तयार केलें आणि १७४२ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. धांवती गोळी कोणी पाहूं शकत नाहीं. म्हणून त्यानें जाड लाकडाचा एक जड लंबक टांगला, त्यावर गोळी झाडली आणि लाकूड किती मागें सरलें तें त्याला लावलेली फीत किती ओढली गेली यावरून मोजलें. ओढली गेलेली फीत म्हणजे आपली जीवाच. त्याच्या मोजणींत गोळीचा वेग सेकंदास १६०० फुटांच्या घरांत आला. हाच रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत किल्ल्यांच्या कामावर हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यांत वारला.

बंदुकीच्या जागीं चेंडू घेऊन हा प्रयोग आपल्याहि अंगणांत करतां येतो. मात्र वडील माणूस जवळ असावें आणि लंबकामागें कोणी उभें राहूं नये. एका पोतडींत चिंध्या व वाळू भरून तिचें वजन १४४० ग्रॅम करावें आणि तिच्या तोंडाशीं चेंडू आंत अडकून राहील असा खिसा शिवावा. ती दोन मीटर लांबीच्या दोन दोऱ्यांनीं टांगावी, म्हणजे ती गिरकी घेणार नाहीं. क्रिकेटचा चेंडू सुमारें १६० ग्रॅमचा असतो. तो आंत बसल्यावर एकूण वजन १६०० ग्रॅम, म्हणजे चेंडूच्या बरोबर दहापट होतें. समजा, एका विद्यार्थ्यानें चेंडू फेंकला आणि फीत ६८ सेंटीमीटर ओढली गेली. दोन मीटर दोरीवर याचा अर्थ पोतडी सुमारें साडेअकरा सेंटीमीटर वर चढली असा होतो, आणि तेवढ्या उंचीचा वेग सेकंदास दीड मीटर. हा झाला धडकेनंतरचा वेग. आतां पहिली वही उघडावी: वजन दहापट झालें तर वेग दहावा हिस्सा झाला असला पाहिजे. म्हणून चेंडूचा वेग सेकंदास १५ मीटर, म्हणजे ताशीं ५४ किलोमीटर होता. देकार्तचा नियम खरा असता तर पोतडी हललीच नसती.

परीक्षेंत पुष्कळ विद्यार्थी येथें चुकतात. सबंध गणित ऊर्जेच्या एकाच वहींत मांडून ते मोकळे होतात. तसें केलें तर चेंडूचा वेग सेकंदास पावणेपांच मीटर, म्हणजे ताशीं अवघा १७ किलोमीटर येतो. सावकाश चाललेल्या सायकलीइतक्या वेगानें चेंडू फेंकला, असें तें उत्तर सांगतें. फेंकणारा मुलगाच तें ऐकून हंसेल. चूक कोठें झाली? आदळण्यापूर्वीं चेंडूजवळ १८ ज्यूल गतिज ऊर्जा होती. आदळल्यानंतर चेंडू व पोतडी मिळून १·८ ज्यूल उरली. दहांतील नऊ भाग चिंध्या दाबण्यांत, वाळू घुसळण्यांत आणि किंचित् उष्णतेंत गेले. धडकेपुरती संवेगाची वही आणि त्यानंतरच्या चढापुरती ऊर्जेची वही, असा क्रम ठेवला म्हणजे उत्तर चुकत नाहीं.

परंतु ते नऊ भाग आपणांस वर्गाबाहेर नेतात. पोतडींत ते चिंध्यांत गेले. चिंध्यांच्या जागीं माणसाचा हात असेल तर? नागपुरास १८९५ सालीं जन्मलेले कर्नल सी. के. नायडू हे १९३२ सालीं लॉर्ड्‌स मैदानावर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्यांत कप्तान होते. त्या सामन्यांत झेल घेण्याच्या प्रयत्नांत त्यांच्या हाताला जबर मार लागला. तशाच हातानें खेळून त्यांनीं पहिल्या डावांत ४० धावा केल्या, आणि त्या डावांतील सर्वांत अधिक धावा त्याच होत्या. चांगला क्षेत्ररक्षक झेल घेतांना हात मागें ओढतो, हें आपण जामठ्याच्या मैदानावर पाहतों. चेंडूचा संवेग तर तेवढाच शोषावयाचा असतो. पण थांबण्याचें अंतर वाढलें कीं बळ त्या मानानें कमी होतें. हिशोबाचा सोपा नियम असा: वेगाच्या उंचीस थांबण्याच्या अंतरानें भागावें, वस्तूच्या वजनाच्या किती पट बळ सोसावें लागतें तें साधारणपणें निघतें.

ताशीं २० किलोमीटर वेगाची उंची सुमारें १·६ मीटर आहे. तेवढ्या वेगानें डोकें रस्त्यावर आपटलें आणि समजा दोन मिलिमीटरांत थांबलें, तर डोक्याच्या वजनाच्या ८०० पट बळ त्यावर येईल. मध्यें हेल्मेटचा दाबला जाणारा थर असेल आणि थांबण्यास दोन सेंटीमीटर मिळतील, तर तेंच बळ ८० पटींवर येतें. हा थर चेपून तसाच राहतो, चेंडूसारखा उसळत नाहीं; तोच त्याचा गुण होय. ऊर्जा त्यानें स्वतःवर घेतलेली असते. म्हणून एकदां जोराचा मार खाल्लेलें हेल्मेट बाहेरून धड दिसलें तरी बदलावें, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधल्याशिवाय तें घातलें असें समजूं नये.

बेसा कालपरवांपर्यंत शेतांनीं वेढलेलें खेडें होतें; आज तेथें नागपूर शहर येऊन भिडलें आहे. पूर्वीं त्या वाटेनें जाणारी बैलगाडी ताशीं चार किलोमीटर चालत असेल, तर तिच्या वेगाची उंची सहा सेंटीमीटर, म्हणजे चार बोटांहून कमी होती. आज मानेवाड्याकडे किंवा वर्धा रस्त्याकडे जाणारी दुचाकी ताशीं ४० किलोमीटर धांवते तेव्हां तिच्यावर बसलेला माणूस सहा मीटरांहून अधिक उंची बरोबर घेऊन चाललेला असतो. ही दुमजली घराच्या गच्चीची उंची झाली. ताशीं ६० ला ती चौदा मीटर होते. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धि महामार्ग २०२२ सालच्या डिसेंबरांत अंशतः खुला झाला व २०२५ सालीं पूर्ण झाला. त्यावर मोटारींना ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्या वेगाची उंची सुमारें ५७ मीटर, म्हणजे एकोणीस मजले. गच्चीच्या कांठाशीं उभें राहिलें कीं आपोआप पाय मागें येतो. वेगाची उंची डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तेथें पाय मागें येत नाहीं. आणि जड मालमोटारीशीं गांठ पडली तर संवेगाच्या वहीप्रमाणें वेगाचा जवळजवळ सगळा बदल हलक्याच्याच वांट्यास येतो. मालमोटार फारशी हलतहि नाहीं.

घरापासून शाळेपर्यंत चार किलोमीटर अंतर असेल तर ताशीं ४० नें सहा मिनिटें लागतात आणि ६० नें चार. दोन मिनिटांच्या बचतीसाठीं आठ मीटर उंची वाढवून घ्यावी कीं नाहीं, याचा विचार आमच्या वाचकांनीं व त्यांच्या पालकांनीं मिळून करावा.

या सुटींत विद्यार्थ्यांनीं दोन कामें करावीं अशी आमची सूचना आहे. समान लांबीच्या दोऱ्यांवर लोंकरीचे, रबराचे आणि ओल्या मातीचे गोळे टांगून प्रत्येक जोडीच्या जीवा मोजाव्या, त्यांची बेरीज व त्यांच्या वर्गांची बेरीज शेजारीं शेजारीं लिहावी, आणि ती वही आपल्या विज्ञानशिक्षकांस दाखवावी. नंतर घरांत जें माणूस गाडी चालवितें त्याला त्याचा नेहमींचा वेग विचारावा, त्याचा वर्ग करून १९·६ नें भागावें, आणि आलेली उंची कोठल्या इमारतीएवढी होते तें गांवांतून फिरतांना त्याला बोटानें दाखवावें.